भैयाजी स्वतःच्या घरी पाहुणे म्हणून जातात

भैयाजींनी ठरवलं, एक दिवस आपल्याच घरी पाहुणा व्हायचं. निर्णय तसा एवढासाच. गावातले लोक याहून मोठे निर्णय पानाला चुना लावता लावता घेतात. पण भैयाजींच्या मानगुटीवर बी.ए.चा शेवटचा पेपर बसला होता, समाजशास्त्राचा. दोनदा नापास झाले होते. यंदा राहिला तर नोंदणीच रद्द, म्हणजे सहा वर्षं पाण्यात. तीही वयाच्या चाळिशीनंतर, मूल गावच्या एका कचेरीत शिपायाची नोकरी करता करता काढलेली. ('सामाजिक स्तरीकरण' पाठ करताना एकदा साहेबांच्या चहात साखर घालायची राहिली. साहेबांनी ते स्तरीकरण जागेवरच समजावून सांगितलं.)

लेखी पेपर या खेपेला बरा गेला होता. उरले प्रात्यक्षिकाचे वीस गुण. त्यातले दहा मिळाले की सुटका. अभ्यासकेंद्रावरच्या मॅडमनी सांगितलं होतं, "प्रत्येक घराचे न लिहिलेले नियम असतात. त्यातला एक मोडा आणि घरच्यांचं काय होतं ते लिहा. दिवेलागणीपर्यंत कुणाला सांगायचं नाही. शेवटी घरच्या माणसाचा अभिप्राय घ्या, सहीसकट. सही नसेल तर शून्य."

रविवारी दुपारी भैयाजी हातात पिशवी घेऊन स्वतःच्या दारात उभे राहिले आणि खाकरले. "घरी हाये का कोनी?"

त्यांची बायको कमळाबाई सुपात तांदूळ निवडत होती. "दार उघडंच हाये. दिसून नाई राह्यलं का?"

"येऊ का आत?"

"बावीस वर्षं इचारलं नाई, आज काऊन?"

भैयाजी आत आले आणि ओसरीतल्या खाटेच्या अगदी टोकाला बसले. आपल्याकडे पाहुणा आला की आधी पाय धुवायला गडवाभर पाणी देतात. भैयाजी त्या गडव्याची वाट बघत बसून राहिले. कमळाबाईनं पाणी आणलं खरं, पण आधी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

जेवताना तर कहरच झाला. "वांग्याची भाजी चांगली झाली, बाई. माह्यामुळं तुमाले तरास झाला," असं म्हणून भैयाजींनी स्वतःचं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

कमळाबाई बघतच राहिली. लग्नापासून या माणसानं भाजीबद्दल दोनच शब्द काढले होते, 'मीठ' आणि 'तिखट'. आणि शेजारच्या रंजीताच्या जावेचा नवरा मोहर्लीला जंगल सफारीची जिप्सी चालवायला गेला तो परत आलाच नाही. जायच्या आदल्या दिवशी तोही असाच गोड झाला होता म्हणे.

कमळाबाई मागच्या दारानं थेट रंजीताकडे गेली. रंजीतानं कुंपणावरून डोकावून बघितलं. खाटेवर भैयाजी, पायाशी पिशवी आणि मांडीवर वही. तासाभरात गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष रामाजी दोन सदस्यांना घेऊन अंगणात हजर झाले.

भैयाजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुस्तकातलं 'अनौपचारिक सामाजिक नियंत्रण' आपल्या पायांनी चालत अंगणात आलं होतं. त्यांनी भराभर लिहायला घेतलं.

"काय लिहून राह्यले भाऊ? फारकतीचा कागद हाये का?" रामाजींनी विचारलं.

"नाई जी. दिवे लागले का सांगतो."

"तवर वकील येनार हाये का?"

भैयाजींनी 'वकील' हा शब्दही वहीत टिपून घेतला.

"बरं, एवढंच सांगा. हे घर कोनाचं?"

आता पाहुण्यानं काय उत्तर द्यावं? भैयाजींनी कमळाबाईकडे बोट दाखवलं. "या बाईचं. मी आपला संध्याकाळी निघन."

कमळाबाई उंबऱ्यावर बसली. रडली नाही. हळूच म्हणाली, "माह्यं काय चुकलं, तेवढं सांगून जा."

दिवेलागणीला अजून तास होता, पण भैयाजींनी वही मिटली आणि मॅडम, नियम, वीस गुण, सगळं सांगून टाकलं. "कुठी नाई चाललो वो मी. तुले सोडून मले कोन ठेवन?"

अशा तंट्याला आपल्याकडे रकाना नाही, असं म्हणून रामाजी उठून गेले. कमळाबाई मात्र तिथंच बसून होती.

"म्हंजे भाजी चांगली नोती?"

"चांगलीच होती ना वो."

"मंग बावीस वर्षं काऊन नाई सांगतलं?"

भैयाजींनी अभिप्रायाचा कागद पुढे केला तर ती उठून आत गेली. दोन दिवस कागद फळीवर कोरा पडून राहिला आणि भैयाजींचं जेवणावरून मन उडालं. तिसऱ्या दिवशी, ऐन जमा करायच्या सकाळी, कमळाबाईनं चिकटवलेलं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं. ते उघडून बघायची भैयाजींची हिंमत झाली नाही.

महिन्यानं तपासलेले कागद परत मिळाले. भैयाजींचा सहा व्याख्यांसह नऊ पानी अहवाल: दोन गुण. ('प्रयोग वेळेआधी मोडला.') कमळाबाईचा अभिप्राय: आठ गुण. एकूण दहा. भैयाजी पास.

सातवीपर्यंत शिकलेल्या अक्षरात तिनं लिहिलं होतं, 'पाहुणा चांगल्या स्वभावाचा होता. विचारून आत आला, भाजीला चांगलं म्हणाला, ताट उचललं. त्याला कायम ठेवून घ्यायला माझी हरकत नाही. बदल्यात घरचा माणूस तुमच्याकडे पाठवत आहे. ठेवून घ्यावा. सही, कमळा.'

बाजूला मॅडमनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'आमच्याकडे तशी सोय नाही.'