तात्यांच्या आतली मैदानं

आमच्या शेजारच्या तात्यांना राग आला की ते आधी त्याची ओळख करून देतात.

"ऐका मंडळीऽऽ! मैदानात येतोय राग! गाव कडेगाव, तालीम आमच्या बापाची, लय जुना गडी!" असं अंगणातून ऐकू आलं की समजायचं, चहात साखर कमी पडली आहे.

तात्या कुस्तीचे निवेदक. खंडाळ्यापासून आटपाडीपर्यंत कुठल्याही जत्रेत माईक त्यांच्याच हातात. प्रत्येक पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद तोंडपाठ. हरणाऱ्यालाही ते कधी हिणवत नाहीत. असा माणूस आमच्या शेजारी राहतो, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

घरात मात्र त्यांचा एकच पुकारा असे. लेक वैशाली कुस्ती शिकलेली, पण मैदानात उतरायचं म्हणाली की, "न्हाई म्हंजे न्हाई!" शेवटी तिनं बापाशी बोलणंच टाकलं. सहा महिने झाले तेव्हा काकूंनी तात्यांना सांगलीला समुपदेशक बाईंकडे नेलं.

परत आले ते खुशीत. "मास्तर, बाई म्हनल्या, मानसाच्या आत लय जन ऱ्हात्यात. कुनाला हाकलायचं न्हाई. कवा आलास, कुनाला राखतोयस, एवढं इचारायचं. आवं, ह्ये तर माझंच काम!"

मग काय, गावाची करमणूक झाली. बांधावर आळस पुकारला जाई, लग्नाच्या पंगतीत हावरटपणा. मीही पोट धरून हसलो. पण एका संध्याकाळी रागाची ओळख सांगता सांगता ते मध्येच थांबले.

"मास्तर, ह्याच्या मागं कोन तरी लपलंय."

वीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ कुस्तीत मानेवर पडला, तो उठलाच नाही. तेव्हाही माईक तात्यांच्याच हातात होता.

"भीती हाय ती," ते म्हणाले. "ईस वर्सं तिचं नाव घेतलं न्हाई मी."

पुढच्या जत्रेला वैशाली मैदानात उतरली. तात्यांनी स्वतःच तिला होकार दिला होता, तरी ती अजून अबोलच होती. याही वेळी माईक तात्यांच्याच हातात होता.

"पैलवान वैशालीऽऽ! गाव कडेगाव! हिच्या बापाचा अभिमान बघा, छाती काढून हुबा हाय!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. माझाही ऊर भरून आला. मग तात्यांचा आवाज खाली उतरला.

"बापाची भीतीबी आलीया, मंडळी. जरा सरकून घ्या. तिलाबी बसू द्या."

वैशालीनं वाकून माती कपाळाला लावली आणि बापाकडे पाहिलं.

"तिला माझ्या बाजूला बसवा, तात्या."