मोठेबाबांची सीट

"अबे, ते पाहा, दिवाण चालला रस्त्यानं!"

सिंदेवाहीच्या चौकात चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं. दिवाण म्हणजे आमच्या मोटरसायकलची सीट, आणि तिच्यावर मागे मी बसले होते, ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून. पुढे बसलेले मोठेबाबा मात्र खूश होते. मान वळवून म्हणाले, "पाह्यलं? लोकायचं ध्यान जाते!"

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. राईस मिलमध्ये फिटर होते, लग्न केलं नाही, आमच्याचकडे राहतात. काम सुटल्यावर लोक देवधर्माला लागतात, यांनी मोटरसायकलची सीट हाती घेतली. कंपनीची सीट ज्याने बनवली "तो तिच्यावर कधी बसलाच नसन", असं त्यांचं ठाम मत. म्हणून अंगणात बसून रेग्झिन सोलायचं, फोम चिकटवायचा, हॅक्सॉच्या पात्याने कापायचा, न आवडल्यास पुन्हा चिकटवायचा. आईची भाजी चिरायची सुरी यातच कामी आली.

माप घ्यायची पद्धतही त्यांचीच. बोडीतला, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातला चिखल मळून फळीवर थापायचा, वर प्लास्टिक अंथरायचं आणि घरी येईल त्याला त्यावर बसवायचं. माणूस उठला की उमटलेला ठसा ते वाकून, चष्मा सावरत वाचतात. त्यांचं लाडकं वाक्य लिहितानाही माझे कान गरम होतात. "तोंड खोटं बोलते, बुड नाई बोलत."

मला पाहायला आरमोरीहून पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही त्यांनी बसवलं. पँट पांढरी होती आणि प्लास्टिक नेमकं फाटकं निघालं.

"भाऊ, तुमचा भार डावीकडं पडते," मोठेबाबा काळजीने म्हणाले. "पाकीट मांगच्या खिशात ठेवता का?"

आरमोरीहून पुन्हा फोन आला नाही.

मी चंद्रपूरला हॉस्टेलवर राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि आता सिंदेवाहीत तशाच एका शाळेत शिकवते. रोज मोठेबाबा सोडायला येतात. मी सीटच्या अगदी टोकाला बसते आणि मध्ये पर्स ठेवते. बघणाऱ्याला वाटावं, या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच मोटरसायकलवर बसून असं भासवणं अवघड असतं, पण मी ते वर्षभर जमवलं.

उतरल्यावर ते विचारत, "टोचते का?"

"नाही."

"मंग मांगं मांगं काऊन सरकतेस?"

मी घड्याळ बघायची आणि आत जायची.

माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी त्यांच्या परीने अर्थ लावला. आधी त्यांना वाटलं, फोम कडक आहे. तो बदलला. मग उतार चुकला असेल, म्हणून मागची बाजू उचलली. मग रुंदी वाढवली. टपरीवरची पोरं ज्याला दिवाण म्हणत होती, तो माझ्याचसाठी झालेला होता.

गेल्या रविवारी दुपारी अंगणात गेले, तर ते सीटचा पुढचा भाग कापत होते. त्यांचा स्वतःचा. तिथे जेमतेम दोन बोटं फोम उरला होता.

"मोठेबाबा, आणि तुमची कंबर?"

पट्टा बांधल्याशिवाय त्यांना खुर्चीतून उठता येत नाही.

"माह्या कमरेले का होते? मिलमधी जनमभर लोखंडावर बसलो. तुले जागा पुरत नाई, बाई. आरशात दिसते ना मले, पार सीटमांगच्या लोखंडी दांडीवर जाऊन बसतेस. दात दाबून." पातं करकरत राहिलं. "हा फोम काढून मांगं एक वीत वाढवून देतो. इंग्लिश शिकलेली पोरगी तू, तोंडानं थोडीच सांगशीन!"

फोमचा पिवळा चुरा त्यांच्या भुवयांवर बसला होता. सॉरी म्हणून आत जाता आलं असतं. सॉरी मला फार सहज म्हणता येतं. ते ऐकून ते हसले असते आणि फोम कापत राहिले असते.

मी त्यांचा पात्याचा हात धरला.

"सीट टोचत नाही, मोठेबाबा. एकदाही टोचली नाही. मला तुमच्याजवळ बसायची लाज वाटते."