विषय क्रमांक सात आणि सुयोगचा हात

रविवारी सकाळी सुयोग आरशासमोर उभा राहून उजवा हात वर करायची खटपट करत होता आणि हात काही केल्या कानाच्या वर जात नव्हता. हाताला काही झालेलं नव्हतं. याच हाताने तो नर्सरीतले मिरचीच्या रोपांचे ट्रे दिवसभर टेम्पोत चढवायचा. पण चार माणसांत 'व्हय' म्हणून हात वर करायची वेळ आली, की तो कानापाशी येऊन थांबायचा आणि आपण केस सारखे करायलाच आलो होतो असं दाखवून खाली उतरायचा.

त्याची आई लीलाबाई दारातून हा प्रकार बघत होती. तिने केरसुणी आणून त्याच्या हातात दिली.

"हात वर करून उभाच हायस, तर तेवढी आढ्याची जळमटं काढ."

"आई, सराव करतोय मी. मंजूर म्हणायचा."

"त्याला काय सराव लागतो? तुझा बाप तीस वर्सं झोपंत म्हणतोय."

ते खरं होतं. गेणबा गावच्या दूध संस्थेचे जुने सभासद. वार्षिक सभेत ते डोळे मिटून बसत आणि 'मंजूर' ऐकू आलं की मिटल्या डोळ्यांनीच हात वर करत. यंदा त्यांनी सभासदत्व सुयोगच्या नावावर केलं होतं आणि आज त्याची पहिलीच सभा होती. त्यात संस्थेचे चेअरमन तात्याबा, आणि तात्याबांची भाची राजेश्वरी म्हणजे सुयोगसाठी ठरत आलेली मुलगी. उद्या सोमवारी माळेगावला तिच्या घरी सुपारी फुटायची होती.

"पहिल्या रांगेत बसा, सुयोगराव," तात्याबांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. "लोकांना कळू द्या आमचा जावई कोण ते. तुमाला काय करायचं न्हाय. मंजूर म्हणलं की हात वर. बास."

बास! सांगणाऱ्याला काय जातं?

या हाताची कथा सहावीच्या वर्गात सुरू होते. झुंबर गुरुजी गणित शिकवायचे आणि शिकवून झालं की विचारायचे, "कुणाला समजलं? हात वर." त्या दिवशी व्याजाचं गणित झालं. सुयोगला ओ की ठो कळलेलं नव्हतं. तरी त्याचा हात वर गेला. कसा गेला हे त्याला आजतागायत उमगलं नव्हतं. गुरुजींनी नेमका त्यालाच फळ्यापाशी बोलावलं. खडू हातात घेऊन तो घाम पुसत राहिला. "समजलं नसताना हात वर केलास? मग आता राहू दे वरच," म्हणून गुरुजींनी त्याला तास संपेपर्यंत तसाच उभा केला. सगळा वर्ग हसला. चौदा वर्षं झाली, पण ते हसू अजून त्याच्या कानात होतं.

तेव्हापासून हात वर गेला नाही. कॉलेजात हजेरीला तो नुसता ओरडायचा. इंदापूरला जायची एसटी थांब्यावर हात केल्याशिवाय थांबत नाही, म्हणून दुसरा कुणी हात करणारा येईपर्यंत तो उभा राहायचा आणि असा कुणी न आल्याने दोन मुलाखती हुकल्या होत्या. नर्सरी काढली ती त्याचमुळे. रोपं कुणाला हात वर करायला लावत नाहीत. धंदा छान चालला होता, हे मात्र खरं.

आणि आता राजेश्वरी. ती पाचवी-सहावीला मामाकडे राहून याच शाळेत होती. दोन वेण्या, मागची ओळ, एवढंच सुयोगला आठवत होतं. आता ती बारामतीला एका शाळेत शिकवत होती. बघायच्या कार्यक्रमात ती त्याच्याकडे सारखी बघत होती, काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी. सुयोगला ती मनापासून आवडली होती. ही सोयरीक मोडली तर आपण पुन्हा कुणाला बघायला जाणार नाही, असं त्याने मनात ठरवूनही टाकलं होतं.

सभा दूध केंद्राच्या पटांगणात मांडव घालून भरली. सत्तर-ऐंशी सभासद होते. मधोमध मानाच्या खुर्चीवर झुंबर गुरुजी बसले होते. सत्तरीला आले तरी पाठ ताठ. त्यांना बघताच सुयोगच्या तळहाताला घाम फुटला.

सचिवांनी एका दमात विषय वाचायला सुरुवात केली. एक नंबरला सगळे हात वर गेले, तेव्हा सुयोग वाकून बुटाची नाडी बांधत होता. दोन नंबरला त्याने दुसरी नाडी बांधली. तीनला तो शिंकला. चारला त्याचं पेन पडलं, पाचला ते सापडेना. सहाला त्याने मोबाईल कानाला लावला आणि कुणाचाही फोन नसताना "व्हय, व्हय, सभेत हाय" असं सांगितलं. सातला त्याच्याजवळची सगळी कारणं संपली होती.

"विषय क्रमांक सात," सचिव वाचू लागले, "मागील सभेत विषय क्रमांक सातमध्ये ठरल्याप्रमाणे, त्यामागील सभेतील विषय क्रमांक सातची अंमलबजावणी पुढे चालू ठेवणेबाबत."

"मंजूर!" मांडव गरजला. हात वर गेले. सुयोगचा कानापाशी गेला, थांबला आणि खाली आला.

"एकमतानं मंज..." तात्याबा म्हणत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून अप्पा उठले. गेल्या निवडणुकीत अप्पा तात्याबांविरुद्ध पडले होते आणि तेव्हापासून ते सभेला काहीतरी खुसपट सापडेल या आशेनेच येत.

"एकमतानं कसं काय, चेअरमन? तुमचा जावईच हात खाली घिऊन बसलाय. घरातूनच इरोध हाय का?"

सगळ्या माना वळल्या. तात्याबा हसले, पण ते हसू मिशीच्या पुढे गेलं नाही.

"सुयोगराव, राहून गेलं वाटतं. करा की वर."

सुयोगने जोर लावला. खांद्यात कळ आली, कपाळावर घाम आला, हात मांडीवरच राहिला.

"अडचण काय हाय तुमची?"

अशा वेळी माणसाने खोटं बोलावं. पण समोर झुंबर गुरुजी बसलेले असताना सुयोगला खोटं सुचेना.

"तात्या... मला विषय समजला न्हाय."

मांडवात कुजबुज उठली. अप्पांनी टाळीच वाजवली. "शाब्बास रे पठ्ठ्या! समजावून सांगा त्याला, चेअरमन!"

तात्याबांनी सचिवांकडे बघितलं. सचिवांनी विषय पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. त्यामुळे तो अधिकच अवघड झाला.

"म्हंजी नेमकं काय चालू ठेवायचं?" कुणीतरी विचारलं.

"मागच्या सभेतलं," सचिव म्हणाले.

"अन् मागच्या सभेत काय व्हतं?"

"त्याच्या मागच्या सभेतलं."

"हे बघा," तात्याबा आवाज चढवून म्हणाले, "दरसाल मंजूर हुतंय, सगळ्यांना ठावं हाय! पुन्यांदा हात वर करा बरं!"

पुन्हा सुयोग सोडून सगळ्यांचे हात वर गेले. आणि मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. झुंबर गुरुजी उठून उभे राहिले होते.

"ज्याला समजलंय," गुरुजी शांतपणे म्हणाले, "त्यानंच हात वर ठेवायचा. एकेकाला पुढं बोलावतो."

त्या मांडवात साठीच्या आतला एकही माणूस असा नव्हता, जो गुरुजींच्या हाताखालून गेला नव्हता. हात भराभर खाली आले. पहिल्यांदा मागच्या रांगेतले आले, मग मधले, मग संचालकांचे. अप्पांनी तर हात पाठीमागे लपवला. शेवटी व्यासपीठावर एकच हात राहिला. तो तात्याबांचा होता. गुरुजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं आणि चेअरमनसाहेबांचा हात आपोआप खाली आला.

मग जुनी इतिवृत्तं काढली. एका सालातून मागच्या सालात, तिथून आणखी मागे, असं करत करत सचिव बाराव्या वहीपर्यंत पोचले आणि वाचता वाचता थांबले.

"वाचा की!" लोक ओरडले.

"दुष्काळी परिस्थिती लक्षात घेता," सचिव खालच्या आवाजात म्हणाले, "सभेच्या चहासोबत बिस्किटं देणे पुढील सभेपर्यंत बंद ठेवणेबाबत."

बारा वर्षं आपण कोरडा चहा का पितोय, हा प्रश्न प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला होता. ते आपणच हात वर करून मंजूर करत होतो, हे आत्ता कळलं.

"नामंजूर!" एकच गलका झाला. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदा एक विषय पडला. अप्पांनी सुयोगला मिठी मारली. गेणबा घरून चौकशीला आले, तेव्हा लोक त्यांच्या मुलाला खांद्यावर घ्यायच्या बेतात होते. तात्याबा मात्र कुणाशी न बोलता गाडीत बसून निघून गेले.

त्या रात्री सुयोगच्या घरात कुणालाच नीट झोप आली नाही. तात्याबांचा फोन लागत नव्हता. "बिस्किटापायी सून घालवलीस," एवढं एकच वाक्य लीलाबाई दर तासाने म्हणत होती. तरी बोलावणं रद्द केल्याचा निरोप आला नाही, म्हणून सोमवारी तिघंही नवे कपडे घालून माळेगावला गेले. वाटेत गेणबांनी तीनदा गाडी थांबवली आणि तीनदा "जाऊ का नगं?" असं विचारलं.

तात्याबा आधीच येऊन बसले होते. सुयोगला स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून बसवलं. सुपारीचं ताट मधे होतं, पण त्याला कुणी हात लावेना.

"मागनं तुमी म्हणाल, समजलं न्हाय," तात्याबा सुयोगकडे न बघता म्हणाले. "आमाला तर तुमी गावात तोंड दाखवायला जागा ठिवली न्हाय. तवा हितं चार माणसांत सांगा. राजेश्वरी पसंत असंल तर हात वर करा. नसंल तर आमी उठतो."

याहून अधिक समजलेला विषय सुयोगच्या आयुष्यात दुसरा नव्हता. त्याने हात उचलला. तो कानापाशी आला आणि थांबला.

तात्याबांनी टोपी डोक्यावर चढवली. लीलाबाईने तोंडाला पदर लावला.

"मामा, थांबा," मागून आवाज आला. राजेश्वरी दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. "त्यांचा दोष न्हाय. माझा हाय."

"तुझा काय संबंध?"

"सहावीत मी त्यांच्या मागं बसायचे. गुरुजींनी 'कुणाला समजलं' विचारलं, तवा मी गमतीनं यांच्या कोपराखाली पट्टी घालून हात वर ढकलला. मग तासभर ते उभे राहिले अन् मी काय बोलले न्हाय. मामा, मी आता शिकवते ना, तर वर्गात कुणाला समजलं असं कधीच विचारत न्हाय. कुणाला न्हाय समजलं, असं विचारते. तेवढ्यासाठीच."

सुयोग तिच्याकडे वळला.

"म्हंजी मी हात वर केलाच नव्हता?"

"न्हाय."

चौदा वर्षं तो स्वतःला खोटारडा समजत आला होता. एसट्या गेल्या, मुलाखती गेल्या, आणि हिने एक पट्टी सरकवली होती! त्याला राग यायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याला एकदम हलकं हलकं वाटत होतं.

"ते समदं ऱ्हाऊ द्या," तात्याबा म्हणाले, पण टोपी त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. "इचारलेलं समजलं का, सुयोगराव?"

"समजलं, तात्या," सुयोग पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणाला.

"मग?"

हात पुन्हा कानापर्यंत आला आणि सवयीने तिथेच घुटमळला. इतक्यात त्याच्या कोपराखाली मागून काहीतरी टेकलं. ते लाटणं होतं. हळूच एक रेटा बसला आणि हात सरळ वर गेला, छताच्या दिशेने, बोटांसकट. लाटणं बाजूला झालं, तरी तो खाली आला नाही.

"मंजूर!" गेणबा डोळे मिटूनच म्हणाले.

तात्याबांनी बराच वेळ त्या हाताकडे बघितलं. मग सुपारी उचलली आणि आत बहिणीला, राजेश्वरीच्या आईला, आवाज दिला.

"अनिता, चहा टाक. अन् बिस्किटं आण बरं का, न्हायतर जावई उठून इचारील."