समोर एक व्यक्ती

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या वानखड्यांची बेल वाजवली, की सेफ्टी डोअरच्या जाळीआडून आधी त्यांचा मोबाइल वर येतो. तो तुमच्याकडे रोखून बघतो आणि बाईच्या आवाजात जाहीर करतो, "समोर एक व्यक्ती." मग वानखडे म्हणतात, "आहात जी. या." पुण्यात पाहुण्याला दारात ताटकळत ठेवायच्या पुष्कळ तऱ्हा आहेत, पण तो मुळात आहे का, इथून सुरुवात करणारे हे एकटेच.

मी कारण विचारलं, तर किती वाजले ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "मला नसलेली माणसंही दिसतात जी. फोनला फक्त असलेली दिसतात." हे ॲप डॉक्टरांनी सुचवलेलं. गोळ्या चालू आहेत, खराडीच्या कंपनीत पुलांची ड्रॉइंगं काढतात. वर्ध्याच्या थोरल्या बहिणीची अट एकच: नसलेल्यांपायी पुन्हा काही घडलं, की पुणं बंद. त्याची त्यांना फार धास्ती.

गप्पा मारता मारता ते मध्येच खिडकीजवळच्या खुर्चीवर फोन धरतात. "कोणी नाही," फोनमधली बाई म्हणते. वानखडे पुढे बोलू लागतात, पण आवाज जरा खाली आणून, तिथं कोणी झोपलं असावं तसे. त्या खुर्चीवर मी अजून बसलेलो नाही.

एकदा मी एकटाच दारात असताना बाई म्हणाली, "समोर दोन व्यक्ती." वानखडे माझ्या खांद्यावरून बघत अदबीनं म्हणाले, "त्यांनाही बोलवा ना." मागे वळायला मला बराच वेळ लागला. माझ्या दारावरच्या कॅलेंडरात नगरसेवक हात जोडून हसत होते. ते मी त्याच दिवशी उतरवलं.

गेल्या महिन्यात फोन पडून फुटला. दुरुस्तीला चार दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बेल वाजवली, तर वानखडे जाळीमागे घामाघूम उभे. दार उघडेनात.

"अहो, मी आहे. समोरचा जोशी. खरा."

"असं तेही म्हणतात."

मी पुरावा म्हणून माझा मोबाइल दाखवला.

"तो तुमच्यासोबतच आला जी."

"ताईंना कळवू का?"

"नको जी. तिला कळलं की संपलं."

मला भीती वाटली आणि वाईटही वाटलं. काय करावं सुचेना, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. तासाभरानं कडी वाजली.

"या," वानखडे म्हणाले. "ते इतका वेळ गप्प नाही बसत."

मग फोन येईपर्यंत त्याचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी खुर्ची, बाल्कनी, मोरी बघून सांगायचं, कोणी नाही. मग चहा घेत तासभर बसायचं. शेवटच्या दिवशी खुर्चीबद्दल सांगण्याआधी मी जरा नीट निरखून घेतलं, हे कबूल करतो.

फोन दुरुस्त होऊन आला. मी सुटलो म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशी सात वाजता आमची बेल वाजली. दारात वानखडे, हातात फोन.

"काय हो, चालत नाही का?"

"चालतो जी. झकास सांगतो, कोणी नाही म्हणून," ते म्हणाले. "पण सांगून झाल्यावर बसत नाही."