डावखुरा साहेब

मानवी हक्कांचं रक्षण यापुढे नागरिकांनीच करावं, असं सरकारने ठरवलं, तेव्हा सर्वांत मोठा सुस्कारा सरकारनेच सोडला. त्यासाठी 'नागरिक चित्रफीत स्वीकृती कक्ष' उघडण्यात आला. दारावर पाटी लागली: 'अन्याय दिसला? व्हिडिओ काढा!' तिच्याखाली दुसरी: 'आत व्हिडिओ काढण्यास सक्त मनाई आहे.'

एका मंगळवारी कोपऱ्यावरचा सलूनवाला फोन घेऊन या कक्षात हजर झाला. त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सलूनसमोर हातगाडीवर कंगवे-पिना विकायचा. आदल्या सकाळी अतिक्रमण पथकाच्या साहेबाने त्याची गाडी उलटवली, त्याला काठीने बडवलं आणि वर त्यानेच साहेबावर हात उगारला म्हणून त्याला कोठडीत टाकलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. फक्त या सही-शिक्क्यानिशी होत्या.

सलूनवाल्याने सगळं टिपलं होतं. पथकावर फोन रोखला की फोन गटारात जातो, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तो रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला आणि गिऱ्हाइकासमोरच्या मोठ्या आरशात जे दिसलं ते त्याने चित्रित केलं. बावीस वर्षं त्याने रस्ता आरशातच पाहिला होता. त्यात काही वावगं असेल, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

कक्षाधिकारी बाईंनी व्हिडिओ तीनदा पाहिला. "काठी डाव्या हातात आहे," त्या म्हणाल्या.

"आरशातून घेतलाय, मॅडम. उजवाच हात आहे तो."

"मी दिसतं ते लिहिते. पथकात एकही डावखुरा अधिकारी नाही. म्हणजे हा अधिकारी अस्तित्वातच नाही."

"पण मार तर बसलाय ना!"

"बसलाय. कोणी मारला नाही, पण बसलाय, अशी नोंद करते." बाई मनाने वाईट नव्हत्या. "शिवाय मागे दवाखान्यावरच्या घड्याळात दोन चाळीस झालेत. त्या वेळी पथक जेवायला गेलं होतं."

"अहो, सकाळचे नऊ वीस! आरशात घड्याळ उलटंच दिसणार. तुमच्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबा, सगळं सरळ होईल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पुराव्यात फेरफार? आणि तोही माझ्यासमोर?"

त्याला जागच्या जागी लेखी समज देण्यात आली. मग बाईंनीच एक पळवाट सुचवली. आठ दिवसांत दहा लाख लोकांनी व्हिडिओ पाहिला, तर प्रकरण 'व्यापक जनहिताचं' ठरतं आणि तांत्रिक त्रुटी माफ होतात.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "माझा भाऊ तिथे उघड्या फरशीवर झोपतोय, आणि तुम्ही घड्याळं सरळ करत बसलात? टाका की तो जगासमोर!"

टाकला. पहिल्या दोन दिवसांत चाळीस जणांनी पाहिला, त्यातले तीस सासरचे. तिसऱ्या दिवशी मात्र आकडा सुटला तो सुटलाच. कारण व्हिडिओत पुढेच खुर्चीवर एक गिऱ्हाईक बसलं होतं. अर्धा चेहरा साबणाचा, अर्धा गुळगुळीत. मागे एवढा राडा झाला, तरी त्या गृहस्थाने वर्तमानपत्रावरची नजर हलवली नाही. त्याच्या या शांतपणाने लोक वेडे झाले. कुणी त्याला संगीत लावलं, कुणी त्याच्यावर अलिप्ततेचं व्याख्यान दिलं. अर्धी दाढी ठेवण्याची फॅशन आली. गृहस्थ उद्घाटनांच्या फिती कापू लागले.

सलूनसमोर रांग लागली. "काका, अर्धीच करा हं!"

"करतो. पण व्हिडिओत मागे बघितलंत का? तो माझा मेहुणा आहे."

"हो का? गोड आहे!"

आठव्या दिवशी दहा लाख पुरे झाले. सलूनवाला वस्तरा टाकून धावत कक्षात गेला. बाईंनी मनापासून अभिनंदन केलं. "आता अडचण नाही. दहा लाख प्रेक्षक म्हणजे दहा लाख प्रत्यक्षदर्शी. त्यातल्या नात्याबाहेरच्या एकाने येऊन सही केली, की मेहुणा त्याच दिवशी घरी."

दहा लाख फोनवर नोटिसा गेल्या. गर्दीसाठी सभागृह घेतलं, खुर्च्या मांडल्या, पिण्याच्या पाण्याची सोय केली. तीन दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. उत्तरं मात्र ढिगाने आली. 'पाहिला, पण आवाज बंद होता.' 'मी फक्त दाढीपर्यंत पाहिला.' 'मन हेलावलं. मित्राला पाठवलाय, तो येईल.' बाकीच्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

सलूनवाला मेहुण्याला भेटायला गेला. पोराचा ओठ अजून सुजलेलाच होता.

"भाऊजी, किती जणांनी पाहिलं?"

"दहा लाख."

मेहुणा खुलला. "मग काय! येईलच की कुणीतरी."

सलूनवाल्याला त्याच्या डोळ्यांत बघवेना. तिथून तो थेट बाईंकडे गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासमोर रडला. बाईही गलबलल्या. त्यांनी स्वतःच्या अधिकारात नियम सैल केला: व्हिडिओ पाहिलाच पाहिजे असं नाही, हात कोणता, वेळ काय, हे ज्याने सविस्तर वाचलं असेल, त्याचीही सही चालेल.

सभागृह दहा ते पाच उघडं असतं. टेबलावर पेन आहे, दोरीने बांधलेलं. सलूनवाला दुकान बंद ठेवून पहिल्या रांगेत बसलाय, दाराकडे तोंड करून. हात उजवा होता आणि सकाळचे नऊ वीस झाले होते, हे आता तुम्हालाही ठाऊक आहे. हसून झालं असेल तर निघा. की तुम्हीही हे एखाद्या मित्राला पाठवताय?