कणगीतला तत्त्वज्ञ

आपण सॉक्रेटिस आहोत, याबद्दल भिवाजी मास्तरांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती फक्त त्या कागदाला!

कागद आला होता पुण्याच्या एका मासिकाच्या दिवाळी अंकात. 'तुमच्या आत कोणता तत्त्वज्ञ दडला आहे?' असा ठसठशीत मथळा. खाली बारा प्रश्न. उत्तरं आपल्या शब्दांत लिहायची, शेवटच्या कोष्टकात ताडून बघायची, की निघाला तुमचा तत्त्वज्ञ!

मास्तरांनी पहिल्यांदा कागद भरला तो अगदी प्रामाणिकपणे. निघाला चार्वाक! खा, प्या, भातावर तूप ओता, उद्याचं उद्या बघू! मास्तर चपापले. छापणाऱ्याचीच चूक असणार. त्यांनी रबरानं सगळं खोडून पुन्हा भरलं. चार्वाक! तिसऱ्यांदा भरलं. चार्वाक काही हटेना. पाहुणा बरा, तो निदान दोन दिवसांनी जातो तरी! चौथ्या खेपेला मास्तरांनी आधी कोष्टक वाचलं, मग प्रश्न वाचले, आणि काय आश्चर्य, सॉक्रेटिस!

"गौरा!" मास्तर ओरडले. "निघाला! सॉक्रेटिस निघाला!"

गौराबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. "जेवाया हाय का त्यो? पीठ दोनच भाकरीचं हाय."

"अगं, ग्रीस देशातला थोर ज्ञानी माणूस! जन्मभर लोकांना प्रश्न विचारत फिरला. आणि इतका मोठा, पण म्हणायचा काय, तर मला काहीच ठाऊक नाही!"

"मंग यात नवं काय? ह्ये तर मी तुमच्याबद्दल लग्नापासनं म्हणतेय."

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात दिपोटीचं पत्र येऊन थडकलं. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. पत्र चार ओळींचं होतं. आसळखुर्दच्या शाळेत हजेरी तुटपुंजी आहे, गावाला विचारांची आणि विद्येची गोडी दिसत नाही, येत्या गुरुवारी तपासणीस येत आहे, तसेच आढळल्यास शाळा बंद करावी लागेल.

नऊ वर्षं झाली होती शाळेला. पहिल्या वर्षी चार पोरं होती, आता तेवीस, आणि त्यात सहा मुली! हजेरी कमी होती ती भातकापणीमुळे. कापणीच्या दिवसांत पोरं खळ्यावर नाही तर काय फळ्यासमोर असणार? पण हे दिपोटीला कोण सांगणार? इथली शाळा गेली तर दुसरी थेट कशेळ्याला. मध्ये दोन ओढे आणि एक डोंगराची सोंड. मुलगे एकवेळ जातील. त्या सहा मुलींना कोण धाडणार? पाटलाची मैना तर नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागली होती.

आणि अचानक त्यांना आठवलं. खालापूरच्या शिक्षकसभेत हेच दिपोटी उभे राहिले होते आणि ग्रीक तत्त्वज्ञांवर दोन तास बोलले होते! निम्मे मास्तर झोपले, चहा दोनदा गार झाला, पण साहेब थांबले नाहीत. त्यांचा सगळ्यात लाडका होता डायोजिनीस. अंगावर एक वस्त्र, राहायला मातीचा रांजण. राजा समोर येऊन म्हणाला, माग काय हवं ते. तर हा म्हणाला, बाजूला हो, माझं ऊन अडतंय! हे सांगताना साहेबांनी दोनदा रुमाल काढला होता.

"सुचलं!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "गौरा, घरटी एक कागद भरून घेतो. कोणाच्या आत कोण तत्त्वज्ञ आहे ते काढतो, आणि शाळेच्या भिंतीवर लावतो. गावाला विचारांची गोडी नाही म्हणतोय काय! बघच तू!"

आता गंमत अशी, की साल होतं एकोणीसशे पंचेचाळीस. लढाई संपली होती, पण लेव्ही संपली नव्हती. खळी आवरली की सरकारचा माणूस दारोदार यायचा, घरात भात किती ते लिहून न्यायचा आणि मागून गाडी पाठवायचा. वर्षभर खायला काय उरतंय, याचा घोर आपला आपण करायचा. आणि अशा ऐन मार्गशीर्षात, पेन्सिल कानावर अडकवलेली, आखीव कागदांची चळत काखेत, असे भिवाजी मास्तर गोमा पाटलाच्या दारात उभे राहिले!

"पाटील, खरंखरं सांगायचं हं. सुखानं जगायला माणसाला घरात काय काय लागतं?"

गोमा पाटलांनी एकवार कागदाकडे पाहिलं, एकवार पेन्सिलीकडे. सरकार असली कामं मास्तरांच्याच गळ्यात मारतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"कायबी लागत नाय."

"वा! बरं, गरजेपेक्षा जास्त असं घरात काय आहे?"

"गरजंपरीसच कमी हाय. जास्त कुठलं!"

"राहायला जागा किती लागते?"

"पाय दुमडले तर निम्मी."

"आणि राजा दारात येऊन म्हणाला, माग काय हवं ते, तर काय मागाल?"

आता राजाच्या नावानं कोण येतं हे काय पाटलांना कळत नव्हतं? ते तडक म्हणाले, "म्हनेन, बाबा रं, आधी माज्या दारातनं बाजूला हो!"

मास्तरांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. कोष्टक बघायचीही गरज नव्हती. हुबेहूब डायोजिनीस! दोन हजार वर्षांनी, कर्जत तालुक्यात!

पुढच्या घरी डायोजिनीस. त्याच्या पुढच्या घरी डायोजिनीस. चिंधीकाकूंनी तर सांगितलं, आमी वारा खातो नि पानी पितो. पदू सुतार म्हणाला, अंगावरचं धोतरबी दुसऱ्याचं हाय. एका दुपारात वीस घरांपैकी एकोणीस घरं डायोजिनीस निघाली! मास्तर नऊ वर्षं या लोकांत राहत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

फक्त विसाव्या घरात घोडं अडलं. ते सोनाबाईचं. वय ऐंशीच्या घरात, एकटी, तोंडाची तिखट.

"सोनाबाई, सुख कशात असतं?"

"तुला घावलं का?"

"मी विचारतोय. जगायला काय लागतं?"

"लागतं म्हंजे कुणाला? मला का तुला?"

"तुम्हाला हो!"

"मंग तुज्या कागदाला त्ये कशाला पायजे?"

मास्तरांनी कपाळाला हात लावला, सोनाबाईचा कागद बाद केला आणि घरी आले. गौराबाई विहिरीवरून भरली घागर घेऊन धावतच आल्या.

"अवो, काय करून ठेवलंत? सारा गाव म्हनतोय मास्तर लेव्हीचं लिवून नेतोय! रातोरात भाताच्या कणग्या रिकाम्या व्हत चाल्ल्यात. आनि गुरवारी मोठा साहेब येतोय म्हनल्यावर तर पाटलांच्या तोंडचं पानीच पळालंय!"

मास्तरांच्या डोक्यात आता उजेड पडला. म्हणजे एकोणीसच्या एकोणीस डायोजिनीस भातासाठी खोटं बोलले होते! गावाला खरं सांगावं, तर गुरुवारी साहेबांसमोर सगळे जण खरं बोलणार: सुख कशात? तर दोन खंडी भातात! गेली शाळा! आणि न सांगावं तर ते खोटं. सॉक्रेटिसानं खऱ्यासाठी विषाचा प्याला घेतला होता. मास्तरांनी बराच वेळ विचार केला आणि प्याला न घेता गप्प बसायचं ठरवलं.

गुरुवारी दिपोटी आले. काळा कोट, डोक्यावर टोपी, बैलगाडीनं अंग खिळखिळं झालेलं, तोंड कडू. शाळेत शिरताच त्यांची नजर भिंतीवर गेली. ओळीनं एकोणीस कागद. पहिला वाचला. दुसरा वाचला. चष्मा पुसून तिसरा वाचला.

"मास्तर, ही उत्तरं तुम्ही सांगितलीत यांना?"

"शपथेवर सांगतो साहेब, एक अक्षरही नाही!" मास्तर म्हणाले. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"मला ही माणसं बघायची आहेत. आत्ता!"

आधी पाटलांचं अंगण. आता तिथं काय झालं होतं, ऐका. पाटलांनी रात्री सगळं भात अंगणातल्या पेंढ्याच्या उडवीखाली दडवलं. पण घरात उरली पुरुषभर उंचीची रिकामी कणगी! आतून भाताचा वास येतोय, तुसं चिकटलीत. साहेब विचारणार, यातलं भात कुठं गेलं? मग पाटलांनी शक्कल लढवली. कणगी अंगणात आणून आडवी केली, आत घोंगडी अंथरली, आणि स्वतः नुसता पंचा नेसून आत जाऊन बसले.

दिपोटी अंगणात आले आणि जागच्या जागी थिजले.

"आपण... या कणगीत राहता?"

"तर वो! बारा महिने," पाटील आतून म्हणाले. "भाताबिताची नाय ती. आमचा बाऽ बी यातच ऱ्हायचा."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब भारावून दोन पावलं मागे सरले आणि नेमके उडवीला टेकून उभे राहिले. त्यांच्या टाचेखालून भाताचे चार दाणे घरंगळत बाहेर आले. कणगीत पाटलांचा जीव टांगणीला लागला.

"पाटील," साहेब म्हणाले, "मी तुमच्यासाठी काय करू? सांगा. काय हवं ते मागा माझ्याकडे!"

"काय नको वो!" पाटील कळवळून ओरडले. "निस्तं तिथनं बाजूला व्हा! माजं ऊन आडतंय!"

झालं! दिपोटींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. पाटलांनाही रडू फुटलं, पण ते वेगळ्या कारणानं.

परत निघताना वाटेत सोनाबाई उभी. मास्तर साहेबांना दुसऱ्या वाटेनं न्यायला बघत होते, पण साहेब थांबलेच. "आजी, तुमच्या मते सुख कशात आहे?"

"तू येवढा शिकलास, तुला कुणी सांगितलं नाय का?"

"सांगितलं, पण पटलं नाही."

"मंग माजं कसं पटंल?"

"तुम्ही जास्त जगलात, तुम्हाला जास्त ठाऊक असणार."

"जास्त जगली म्हंजे जास्त कळतं, व्हय रं? आमची म्हसबी म्हातारी हाय."

दिपोटी रस्त्यातच दगडावर बसले. पुढची अर्धी घटका सोनाबाई प्रश्न विचारत होती आणि साहेब उत्तरांत अडकत होते. शेवटी त्यांनी हात जोडले. "मास्तर! या आजींचा कागद भिंतीवर का नाही? डायोजिनीस तर घरोघर आहेत हो इथे. पण ही तर साक्षात सॉक्रेटिस!"

मास्तरांना कोणीतरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. तरी त्यांनी धीर करून खिशातला स्वतःचा कागद पुढे केला. साहेबांनी तो उन्हात धरला. तीनदा खोडून कागद इतका विरला होता की खालचं अक्षर न् अक्षर दिसत होतं.

"तीनदा चार्वाक," साहेब म्हणाले. "मास्तर, प्रकृती जपा."

पण शेरेबुकात त्यांनी पानभर शेरा लिहिला! आयुष्यात एवढे विचारी गाव पाहिले नाही, शाळा कायम करावी, दुसरा शिक्षक द्यावा! फक्त छपरासाठी मागितलेली कौलं मात्र नामंजूर. का, तर या निरिच्छ लोकांना कौलांचा मोह पाडणं हे पाप होईल!

कौलं गेली चुलीत! शाळा राहिली होती! मास्तर दोन्ही हातांनी घंटा बडवत सुटले. मैना सगळ्यांच्या पुढे धावत आली आणि फळ्यावरचं 'तत्त्वज्ञ' हे जोडाक्षरांचं अख्खं लचांड तिनं एका दमात वाचून दाखवलं. मास्तरांचे डोळे भरून आले.

दिवेलागणीला सारा गाव मास्तरांच्या ओटीवर जमला. पाटलांनी नव्या भाताचे तांदूळ आणले होते, चिंधीकाकूंनी तुपाची लोटी. आलेला साहेब दाणाही न मोजता, उलट रडत, हात जोडून परत गेला, असं तालुक्यात कधी घडलं नव्हतं! गौराबाईंनी लगेच भात टाकला आणि वाफाळतं ताट मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी भाताला मध्ये खळगा केला. गौराबाई तूप वाढत होत्या, आणि मास्तर काही पुरे म्हणत नव्हते.

"मास्तर, तुमी गाव वाचवलंत!" पाटील म्हणाले. "पन खरं सांगा, लेव्हीच्या साहेबाला तुमी असं सांगितलंत तरी काय?"

सगळं गाव कान देऊन ऐकू लागलं. मास्तरांचा घास हातातच राहिला. मिशीवरून तूप ओघळलं. त्यांनी पाटलांकडे पाहिलं, तुपाच्या लोटीकडे पाहिलं, दाराला टेकून बसलेल्या मैनेकडे पाहिलं.

"पाटील," ते म्हणाले, "मला काहीच ठाऊक नाही!"

"घ्या!" गौराबाई आतून ओरडल्या. "झालात एकदाचे सॉक्रेटिस!"