बेचाळीस बायांचा एक नंबर

सोमवारी सकाळी तापीबाई ओसरीवर वांगी चिरत बसल्या होत्या आणि गळ्यातल्या पिशवीतला फोन टुणकन वाजला. विळा, वांगं, सगळं टाकून त्यांनी पिशवी उघडली. फोन मोतीलाल व्यापाऱ्याचाच असणार, दुसऱ्या कोणाला एवढ्या सकाळी त्यांची याद यायला बसलीय! वावरात केळीचे घड भरून आले होते. चार-पाच दिवसांत कटाई होऊन ट्रक लागला तर ठीक, नाहीतर पिवळी पडलेली केळी व्यापारी फुकटसुद्धा उचलत नाही. आणि मोतीलालचा रिवाज असा, की तो एकदाच फोन करणार. उचलला नाही, तर त्याचा ट्रक गावाबाहेरच्या कोरीटच्या फाट्यावरून सरळ धानोऱ्याला.

पण मोतीलाल नव्हता. पडद्यावर नुसते सहा आकडे आले होते. तापीबाई दुसरीतून शाळेबाहेर पडलेल्या. अक्षरांशी त्यांचा फारसा घरोबा नव्हता, पण तीस वर्षं वजनकाट्याशी उभं राहून व्यापाऱ्यांची चोरी पकडलेली बाई आकड्याला भिते होय?

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकट्या जावेचा, नानीबाईचा आवाज आला. "मोठी बाई, वना का मन्हा नंबर?"

"तुन्हा नंबर मन्हा फोनमा कसाले ई?"

"शाळामा तो ललित सर बसेल शे ना, त्यानी फोन नंबर इचारा. मी तुमना दिना."

यात नानीबाईचं काही चुकलं नव्हतं. गल्ली सगळी भाऊबंदांची, आणि गल्लीतल्या सुनेने आपला नंबर परक्या माणसाला द्यायचा नाही, हा नियम. मोजणीवाला येवो की कूपनवाला येवो, द्यायचा तो तापीबाईंचा. नियमही तापीबाईंनीच घातलेला. कोणा एका साडीवाल्याने त्यांच्या सुनेला, मयूरीला, भर दुपारी तीनदा फोन केला होता, तेव्हापासून. चौथ्यांदा तो तापीबाईंनी उचलला होता. त्या साडीवाल्याने म्हणे धंदाच बदलला.

शाळेत त्या आठवड्यात कोण्या संस्थेने बायांना डिजिटल करायचं काम काढलं होतं. दारावर फलक लावला होता, 'ज्ञान आणि क्षमता-बांधणीतून डिजिटल परिवर्तन'. मयूरी बारावी शिकलेली, तिने तो वाचून दाखवला तेव्हा तापीबाईंनी नाक मुरडलं होतं. "चाराना भारा बांधाले कधी कोनी वनं नही. आते क्षमता बांधाले उनात!" त्या स्वतः शिकायला जाणार नव्हत्या. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला कालचं पोरगं काय शिकवणार?

नानीबाईला आकडे ओरडून सांगून होत नाहीत तोवर फोन पुन्हा वाजला. मग पुन्हा. मीनाबाईचा नंबर आला, दगूबाईचा आला, मयूरीचाही आला. शाळा आणि ओसरी यांच्यामध्ये बायांची पळापळ सुरू झाली. एक बाई आकडे घेऊन शाळेत पोहोचेपर्यंत तिकडे त्या आकड्यांची वेळ संपायची, की पुन्हा नवे आकडे. वांगी काळी पडली. शेवटी तापीबाई फोन घेऊन स्वतःच शाळेत गेल्या, जाब विचारायला.

ललित सर नंदुरबारचा, पंचविशीचा, कडक इस्त्रीचा. बोलणं सगळं पुस्तकातलं. त्याने चटकन खुर्ची पुढे केली.

"मावशी, तुम्हीच का त्या? बरं झालं आलात! इथेच बसा. आज बेचाळीस नोंदण्या पूर्ण व्हायलाच हव्यात. पुढच्या मंगळवारी परदेशातून पाहुणे येणार आहेत काम बघायला."

"बेचाळीस बाया, अन् नंबर एक. तुन्हा मशीनले काही वाटत नही का?"

"मशीनला फक्त आकडा पूर्ण झालेला हवा असतो, मावशी."

"मंग तू अन् मशीन येकच बापना," तापीबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. बसल्या त्या केवळ मोतीलालचा फोन कोणा दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून. शिकायला नव्हे.

पहिला धडा सुरू झाला. ललितने फळ्यावर मोठ्ठी फुली काढली आणि म्हणाला, "भगिनींनो, एकच गोष्ट कायम लक्षात ठेवा. फोनवर आलेला ओटीपी, म्हणजे हे सहा आकडे, कोणालाही सांगायचे नाहीत. कोणालाही!" मग वळून म्हणाला, "मावशी, मीनाबाईंचा ओटीपी सांगा बरं."

तापीबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "आते तर म्हणना, कोणले सांगू नका."

"मला चालतं, मावशी."

"काबरं? तू माणूसमा येस नही का?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ललितने घाम पुसला. पण नोंदणी अडली होती. तापीबाईंनी आकडे सांगितले, आणि संध्याकाळपर्यंत 'कोणालाही सांगू नका' आणि 'सांगा बरं' या दोन वाक्यांच्या मध्ये बेचाळीस बाया डिजिटल झाल्या.

गुरुवारी शाळेत परीक्षा होती. ती फोनवरच. फोन वाजणार, आतून एक बाई दहा प्रश्न विचारणार, हो असेल तर एक दाबायचं, नाही असेल तर दोन. बेचाळीस बायांचे बेचाळीस फोन, आणि येणार सगळे तापीबाईंच्या पिशवीत. पहिला आला तो दगूबाईचा. दगूबाईला फोन दिला तर ती आतल्या बाईला म्हणाली, "हा, बोला ताई, जेवण व्हयनं का?" आणि पेपर तिथेच नापास.

"आण इकडे," तापीबाई म्हणाल्या. "तुमना भरोसावर बसनूत तर मोतीलालना फोन लागावाव नही."

तेव्हापासून पेपर त्यांनीच सोडवले. बाया तुरीच्या शेंगा सोलत गप्पा मारत बसल्या, मग एकेक करून स्वयंपाकाला घरी निघून गेल्या. ललित माना डोलवत हजेरी भरत होता. पहिल्या तीन पेपरांत तापीबाईंचा पाचवा प्रश्न चुकला. ओळखीच्या माणसाने ओटीपी मागितला तर सांगावा का? तापीबाईंनी एक दाबलं. ओळखीच्याला नाही सांगणार तर काय म्हशीला सांगणार? पण आतली बाई खवट होती. "उत्तर चूक," ती म्हणाली. "फसवणूक करणारे ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतात. कितीही ओळखीचा आवाज असला तरी ओटीपी सांगू नये." तीनदा ऐकून घेतलं. आयुष्यात तापीबाईंना कोणी तीनदा चूक म्हटलं नव्हतं, सासूनेही नाही. चौथ्या पेपरापासून दहापैकी दहा. विसाव्यापासून तर प्रश्न पुरा व्हायच्या आत बोट पडायला लागलं.

अडतिसाव्या पेपराच्या आधी फोन वाजला आणि आतून आवाज आला, "तापीबाई, मी मोतीलाल." तापीबाईंनी सवयीने दोन दाबलं.

"ओ बाई, कानमा काय टुणटुण करी ऱ्हायनात? उद्या सकायले कटाई करी ठेवा. दिनेश गाडी लई ई. आन् ऐका, आपलं बी आते फोनवरनं काम व्हई गयं, गाडी भराना आगोदर तुमले एक—"

तेवढ्यात दुसरा फोन आत ठोठावायला लागला. पेपर अडतीस.

"जे सांगनं ते उद्या सांग रे भाऊ," म्हणून तापीबाईंनी मोतीलालचा फोन कापला.

शुक्रवारी उजाडताच मजूर लागले. नऊ वाजेपर्यंत बांधावर केळीच्या पानांवर हिरवेगार घड ओळीने निजवले होते, एकावर डाग नाही. तापीबाई पदर खोचून जातीने उभ्या. दिनेश ड्रायव्हर गाडी लावून खाली उतरला, त्याने आपल्या फोनवर काहीतरी दाबलं, आणि तापीबाईंच्या पिशवीत टुणकन वाजलं.

"मोठी माय, तुमना फोनवर सहा आकडा वना व्हतीन. सांगा. मंग गाडी भराई जाई."

तापीबाईंनी पिशवीचं तोंड आवळलं.

"नही सांगस."

"ओ माय, शेठनं नवीन काम शे. आकडा टाकाशिवाय माल चढावता येत नही."

"दिनेश, तुले मी पाय फुटना व्हतात तवयपासून वळखस. म्हणूनच नही सांगस. वळखीनाच माणूस मांगस."

दिनेशने मोतीलालला फोन लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. "तापीबाई, मी मोतीलाल बोली ऱ्हायनू. सांगी द्या ना आकडा."

"आवाज तर हुबेहूब काढा शे," तापीबाई म्हणाल्या.

"अहो, मीच शे! वीस वरीसपासून तुमनी केळी लई जास!"

"चोर बी असंच म्हणस."

पलीकडून फोन बंद.

मयूरी इतका वेळ डोक्यावरचा पदर सावरत गप्प उभी होती. तिला राहवलं नाही. "माय, हाऊ आपलाच माल शे. हाऊ आकडा सांगाना ऱ्हास."

"तू पेपर दिना का?"

"नही, पण—"

"तुन्हा पेपर बी मीच दिना. दहामा दहा. गप्प ऱ्हाय."

दिनेशने पाया पडून पाहिलं, शपथ घेऊन पाहिलं, बांधावर बसून बिडीही ओढून पाहिली. गल्लीभर बेचाळीस बायांचे आकडे ओरडून वाटणारी बाई स्वतःच्या सहा आकड्यांवर नागिणीसारखी बसून राहिली. साडेदहाला गाडी रिकामी वळली आणि धानोऱ्याच्या रस्त्याला लागली. धुरळा खाली बसल्यावर तापीबाईंना मनातून कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. संध्याकाळी मयूरीने हळूच सुचवलं, शेठला फोन करू. तापीबाई म्हणाल्या, गरज असेल तर तो करेल. मोतीलाल गावभर सांगत सुटला होता, ज्या बाईला माझा आवाज चोराचा वाटतो तिची केळी आता आठ दिवस तरी माझ्या गाडीत चढणार नाहीत.

केळी कोणाच्या रुसव्यासाठी थांबत नाहीत. रविवारी घरी आणलेल्या घडांची टोकं पिवळी झाली, सोमवारी अंगण पिवळं झालं. सकाळी केळ्याची भाजी, दुपारी केळ्याचं शिकरण, संध्याकाळी नातवंडं केळं दिसलं की पळू लागली. म्हशीने मान फिरवली. तापीबाईंनी गल्लीत घरटी घमेलं पोचवलं. नानीबाई दोन घमेली घेऊन म्हणाली, "मोठी बाई, पुढला वरीस बी परीक्षा द्या बरं." तापीबाईंनी तिसरं घमेलं तिच्या दारात ओतलं.

मंगळवारी शाळेत मांडव पडला. पाहुणे आले. त्यांतली मुख्य बाई उंच, गोरी, गळ्यात ओळखपत्र, हातात वही. ललितने पहाटेच तापीबाईंना गाठलं होतं. "मावशी, सगळ्या जिल्ह्यात सर्वांत जास्त गुण तुमच्या नंबरवर आहेत. तुम्ही पुढेच बसायचं." तापीबाई गेल्या. रिकाम्या हाताने पाहुण्यांसमोर जायची रीत नाही, आणि घरात दुसरं होतं काय? डोक्यावर टोपलीभर पिवळी केळी घेऊन गेल्या. मागोमाग साऱ्या गल्लीच्या बाया, त्यांच्याही हातात तीच.

पाहुणीबाईने एक केळं सोललं, खाल्लं, डोळे मिटले आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. ललितने मराठी केली, "मावशी, त्या विचारतात, या प्रशिक्षणाने तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?"

तापीबाईंनी टोपलीकडे पाहिलं.

"पहिले केळी इकेत," त्या म्हणाल्या. "आते वाटी ऱ्हायनूत."

ललित पाहुणीबाईकडे वळून इंग्रजीत बराच वेळ बोलला. सहा शब्दांची एवढी लांब इंग्रजी कशी होते, ते तापीबाईंना कळेना. त्यांनी मयूरीला कोपर मारलं.

"काय सांगी ऱ्हायना हाऊ?"

मयूरी पदराआडून कुजबुजली, "माय, तो सांगी ऱ्हायना, पहिले या बाया फक्त इकाना इचार करेत. शिक्षण भेटनं अन् गावमा वाटी खावानी भावना जागी व्हयनी."

पाहुणीबाईचे डोळे पाणावले. तिने वहीत भराभर लिहिलं. मग तिने टाळी वाजवली, तिच्या मागोमाग सगळ्या पाहुण्यांनी, आणि हातातलं केळं बाजूला ठेवून ललितनेही.

तापीबाईंनी ललितला नखशिखांत न्याहाळलं. "हाऊ पोऱ्या," त्या मयूरीला म्हणाल्या, "कधी उपाशी मरावाव नही." आणि टोपलीतली सर्वांत पिकलेली केळ्यांची फणी उचलून त्यांनी त्याच्या कडक इस्त्रीच्या मांडीवर ठेवली.